सापळ्याचं नाव आत्या

प्रिय आत्या,

तरीपण पिवळाच का, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. मागे फोनवर विचारलं तर म्हणालीस, "हाताला आला तो घेतला. तुला काय नटून मिरवायचंय का तिकडे?" आणि दिलास फोन ठेवून. हे काय उत्तर झालं? तू ज्याच्यासाठी विणतेस त्या लोकरवाल्याच्या दुकानात भिंतभर लोकर आहे. राखाडी आहे, तपकिरी आहे, गडद निळी आहे. लहानपणापासून मला निळंच घालत आलीस, मळ खपतो म्हणून. आणि पोरगा पहिल्यांदा एवढ्या लांब, थंडीच्या मुलखात निघाला, तर त्याला लिंबासारखा पिवळाजर्द स्वेटर! गाडीत बसल्या बसल्या समोरच्या माणसाने डोळे चोळले होते. वर एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब. मी म्हटलं होतं, "आत्या, माझे हात काय वेगवेगळ्या बाजारातून आणलेत का?" तू हसलीस आणि लांब बाही दुमडून दिलीस. मीही हसलो. तुझं हसणं जरा लवकर संपलं होतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

अक्षर फार मोठं काढलंय, त्याला नावं ठेवू नकोस. कागद असा का, तेही सांगतो, पण शेवटी. आधी भांडण पुरं करू.

पिवळ्याने माझं काय वाटोळं केलं ते कळायला तुला माझं काम कळलं पाहिजे. तू सगळ्यांना सांगतेस की मी भाजी पिकवतो. भाजी पिकवणारे वेगळे, आत्या. मी कीड बघतो. इथे मोठाली काचघरं आहेत, एकेक घर आपल्या गल्लीएवढं लांब. आत काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, आणि एका घरात नुसती कोवळी रोपं. मी सकाळपासून त्यांच्या ओळींतून चालतो. झाड खालून वर बघत जायचं, आधी खालची जुनी पानं, मग मधली, मग शेंडा. प्रत्येक पान उलटं करायचं, कारण कीड कधी तोंडावर बसत नाही, पाठीवर बसते. गळ्यात भिंग असतं. पानामागे पांढरी माशी दिसते का, फुलात फुलकिडे आहेत का, कुठे मावा धरलाय का. दिसलं की तिथे फीत बांधायची आणि मुकादमाला सांगायचं. फवारा मारायचा की नाही ते तो ठरवतो. मी नुसता बघ्या. सगळे मला "बघ्या"च म्हणतात. तू म्हणायचीस ना, पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला कोण कामावर ठेवणार? तर बघ, फक्त भिंगरीचेच पैसे मिळतात असं एक काम निघालं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला पानं उलटायला लावली आणि तो टिकला. आजवर मी कुठेच एवढा टिकलो नव्हतो. गॅरेज, बेकरी, ते रंगाचं काम, सगळीकडून काहीतरी खुसपट काढून पळालो. इथून पळावंसं वाटलं नाही.

आता पिवळं. ओळींच्या वर हाताच्या पंजाएवढी पिवळी कार्डं टांगलेली असतात. त्यांना दोन्हीकडून चिकट लावलेलं असतं. पांढऱ्या माशीला पिवळं दिसलं की तिला वाटतं कोवळं लुसलुशीत पान आहे. येते आणि चिकटते. कार्डावर किती चिकटल्या यावरून घरात किती असतील याचा अंदाज येतो. म्हणून इथे कामावर कोणी पिवळं घालत नाही. पहिल्याच दिवशी मुकादमाने बजावलं होतं, "पिवळं नाही, आणि घाणेरड्या घरातून स्वच्छ घरात नाही." म्हणजे आधी रोपं बघायची, मग मिरची आणि टोमॅटो, सगळ्यात शेवटी काकडी, कारण काकडीत माशी असतेच. उलटं फिरलास तर तूच तिचं वाहन. वर पांढरा कोटही असतो, तो प्रत्येक घराच्या दारात बदलायचा.

त्या दिवशी बॉयलर बंद पडला होता. काचघरातसुद्धा तोंडातून वाफ येत होती. माझा नेहमीचा पांढरा कोट धुवायला गेलेला. मी तुझा स्वेटर चढवला. म्हटलं, थंडीत माशी तरी कुठे उडतेय. थोड्या वेळाने बॉयलर चालू झाला, घर तापलं, माशी उडायला लागली, पण अंगाला ऊब लागली की काढवत नाही गं. काकडीचं घर संपवलं आणि चहाची वेळ झाली. चहाच्या खोलीला जायचा बाहेरचा रस्ता लांब आणि बर्फाळ. रोपांच्या घरातून गेलं की झटक्यात. मी रोपांच्या घरातून गेलो. इकडून शिरून तिकडून बाहेर. वाटेत एका ओळीशी रेंगाळलोसुद्धा, इतकी गोड दिसत होती ती रोपं.

पुढच्या आठवड्यात त्याच ओळीत पानामागे माशी निघाली. मुकादम मला घेऊन आत गेला, त्याने स्वतः पानं उलटली, आणि मग हळूहळू माझ्याकडे वळला. मला उबेची चटक लागलेली, म्हणून कोटाच्या आत तुझा स्वेटर होताच. गळ्यापाशी पिवळं दिसत होतं. त्याने कोटाची बटणं काढली.  दोन ओळी रोपं उपटून पिशव्यांत भरून नेली, माझ्याच हातून. मागे एकाला एवढ्यावरूनच घरी पाठवलं होतं. सगळे गोळा झालेले. मला कळलं की आता हा "सामान बांध" म्हणणार. आणि आत्या, त्या क्षणी माझ्या तोंडातून काय निघालं ऐक. मी म्हणालो, "साहेब, चूक माझ्या आत्याची आहे. तिने हा माणसासाठी विणलेलाच नाही, माश्यांसाठी विणलाय." आणि स्वेटर अंगातून काढून दोन्ही हातांनी धरून दाखवला. "बघा ना, हे एका माणसाचे हात वाटतात का?" पहिल्यांदा लंबू हसला. लंबू म्हणजे माझ्या खोलीत राहतो तो. मग सगळेच. शेवटी मुकादमही. नोकरी वाचली.

तिथेच थांबलं असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं. मुकादमाला गंमत सुचली. त्याने एका काठीला दुसरी काठी आडवी बांधली, तिच्यावर तुझा स्वेटर घातला आणि त्यावर ब्रशने चिकट फासलं. काकडीच्या घराच्या दारात तो उभा केला, एक हात लांब, एक आखूड. माश्यांचा त्याच्यावर असा थर बसायला लागला की कार्डं फिकी पडली. कोणीतरी त्याला "आत्या" नाव ठेवलं. कोणीतरी कशाला म्हणू, मीच ठेवलं. मग रोज सकाळी मुकादम विचारायचा, "काय रे बघ्या, आत्या काय म्हणते?" मी म्हणायचो, "आत्याचं पोट भरलंय साहेब." तो म्हणायचा, "तुझा पगार आता तिलाच द्यायला पाहिजे, काम तीच करते." एकदा वारा आला आणि लांब बाही हलली, तर पोरं ओरडली, "आत्या बोलावतेय, जा रे!" मी सगळ्यात मोठ्याने हसायचो. जेवताना कोणी नवीन आलं की मीच त्याला दाखवायला न्यायचो.

तेव्हाच तू फोटोसाठी मागे लागलीस. "स्वेटर घालून एक फोटो पाठव, लोकरवाल्याला दाखवते." माझ्याकडे घालायला स्वेटर कुठे होता? मी लंबूचा तपकिरी कोट चढवला, काचेसमोर उभा राहिलो आणि पाठवला. म्हटलं, तू विचारलंस तर सांगेन, स्वेटर आत आहे. तुझा फोन आला. म्हणालीस, "पिवळा काय खुललाय रे तुला! गळा आवळत नाही ना?" मी म्हणालो, "नाही आत्या, एकदम मापात बसलाय." आणि फोनवर हात ठेवून हसलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं. जेवताना हाही विनोद सांगितला. सगळे हसले, लंबू तेवढा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "तपकिरी कोटाला पिवळा म्हणाली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "माझं मन राखायला म्हणाली असेल."  मी पुढे विचार केला नाही. मला पानं उलटायचा पगार मिळतो आणि घरच्या माणसाचं एक वाक्य उलटून बघता आलं नाही.

परवा मुकादम म्हणाला, आत्यावर आता जागा उरली नाही, मोज आणि फेकून दे. सगळ्या मोजायच्या नसतात, कपड्यावर चौकोन धरायचे आणि नमुन्याला काही मोजायच्या. मी तो काठीवरून काढला, टेबलावर पसरला आणि भिंग लावलं. सवय अशी की मी खालून सुरुवात केली, झाड बघतात तशी. तू पण खालूनच विणतेस. आधी काठ, मग पोट, मग छाती, मग खांदे, बाह्या शेवटी. खालची पट्टी बघितली आणि मला माश्या मोजायचं सुचेना. तुझा हात, आत्या. शाळेच्या स्वेटरांना असायचा तोच. एकेक टाका दाणा वेचून बसवल्यासारखा. पोटापर्यंत तसंच. मग एक टाका सुटलेला दिसला. थोडं वर आणखी एक. छातीपाशी सुटलेले टाके मागून उचलून गाठ मारून बसवलेत. उलटून पाठीमागून बघितलं, तिथे गाठीच गाठी. खांद्याशी ओळ वाकडी होऊन परत सरळ झालीये, जसं कोणी अंधारात भिंत धरून चालतं. डाव्या बगलेखाली तर वीतभर पांढरीच लोकर आहे. पिवळी संपली म्हणून नव्हे, कारण त्याच्या पुढे परत पिवळी लागते. तुला ती पांढरी आहे हे कळलंच नाही. आणि बाह्या नुसत्या बोटांनी चाचपत विणल्यास. लांबी कुठे थांबवायची ते तुला दिसत नव्हतं.

कीड एका दिवसात येत नाही. खालच्या पानावर येते, मग वर चढते, आणि शेंड्यावर दिसली की समजायचं, आपण फार दिवस बघितलेलं नाही. त्या स्वेटरमध्ये तुझा सगळा हिवाळा होता. मी तो काठीवर चढवून लोकांना हसवत होतो.

मग एकेक आठवत गेलं. निघायच्या आधी चार दिवस मी घरी होतो. तू चहा ओतलास तो अर्धा बशीत. मी म्हटलं, "बशीलापण तहान लागली वाटतं." दार उघडल्यावर तू माझ्या गालावरून, नाकावरून हात फिरवलास. मी मान मागे घेतली, "काय आत्या, लहान आहे का मी?" तू खिडकीपाशी बसायचीस ती खुर्ची उंबऱ्यात आणून ठेवली होतीस. मी तिला अडखळलो आणि तुझ्यावरच चिडलो. आणि त्या सुया. तू म्हणालीस, "जायच्या आधी मला थोड्या सुयांत दोरा ओवून ठेव ना, मला आता कंटाळा येतो." तू आणि कंटाळा! आई गेल्यावर बाबांनी मला तुझ्या दारात आणून सोडलं तेव्हापासून विणताना तुला कधी कंटाळलेलं बघितलं नव्हतं. मी दोन ओवल्या, तिसरी अर्धवट टाकली आणि मित्र हाका मारत होते म्हणून पळालो. परत आलो तेव्हा तू ती तिसरी हातात धरून बसली होतीस. मी बघितलं होतं, आत्या. बघितलं होतं आणि फीत बांधली नाही.

काल मी लोकरवाल्याला फोन केला. रागावू नकोस, त्याला तोंड उघडायला मीच लावलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "अरे, गिऱ्हाईक माल परत करतं. मी दुसरीकडून दुरुस्त करून घेतो, तिला सांगत नाही. तिचं पोट त्याच्यावर आहे. पण किती दिवस?" रंगाचंही त्यानेच सांगितलं. तू सगळे गुंडे दारात उजेडाला नेऊन बघितलेस आणि म्हणालीस, काळ्या सुयांवर हाच एक उठून दिसतो, पोराचा स्वेटर मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही. मी विचारलं, मला का नाही कळवलं? तर म्हणाला, "तिनेच शपथ घातली. म्हणाली, त्याला नोकरी सोडायला निमित्तच लागतं. पहिल्यांदा कुठे टिकलाय. माझ्या डोळ्यांचं कळलं तर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील आणि मग जन्मभर मलाच सांगेल की तुझ्यासाठी सोडली." तू मला इतकं नीट ओळखतेस याची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. कारण खरं सांगतो, त्याचं बोलणं संपायच्या आधी मी मनात बॅग भरायला घेतली होती.

नाही भरली. चिकट तेलाने सुटतं, म्हणून स्वयंपाकघरातून तेल आणलं आणि स्वेटर चोळत बसलो. लंबू आला, दुसरी बाही ओढून चोळायला लागला. माश्या निघाल्या, थोडा वास राहिलाय. सकाळी मुकादम नेहमीसारखा ओरडला, "बघ्या, आत्या कुठंय?" मी म्हणालो, "साहेब, आत्याला आता कोणी आत्या म्हणायचं नाही." सगळे हसायच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, खोकला, आणि एक पिवळी बादली आणून त्या काठीवर पालथी घातली. तिला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. स्वेटर मी घालतो, खोलीवर आणि रस्त्यात. कामावर नाही. लांब बाही दुमडत नाही, त्या हाताला गार लागत नाही.

आता कागदाचं. हा गठ्ठा पिवळा आहे हे तुला दिसलं असेल. नसेल दिसलं तर लोकरवाल्याला विचार. कार्डावर खुणा करायचा काळा जाड मार्कर आहे, त्याने लिहितोय. काळं पिवळ्यावर उठून दिसतं हे तूच शोधून काढलंस. एका कागदावर थोड्याच ओळी बसतात म्हणून एवढा जाडजूड लिफाफा झालाय. लिफाफा आणायला गेलो तर पोस्टातल्या बाईने विचारलं, पुस्तक पाठवायचंय का? उंबऱ्यात खुर्ची घेऊन बस आणि रोज थोडं थोडं वाच. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, तू हसण्यावारी नेलं असतंस आणि मी नेऊ दिलं असतं. आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं असतंस तर मी तुझं नाव कशाला दिलं होतं ते त्या माणसाने आधी ऐकलं असतं. ते तू स्वतःच्या डोळ्यांनी वाचावंस, मग मला काय ते बोल. लोकरवाला तुला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार आहे, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. त्याच्या भाच्याने चौकशी केलीये. मोतीबिंदू असेल तर निघतो म्हणतात, आधी एक, मग दुसरा. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचं नाही. दिसलं त्या दिवशी सांगायचं आणि सांगितलं त्या दिवशी हलायचं, हे मला इथे शिकवलंय. मी येणार नाही. नोकरी सोडणार नाही. सुट्टी मिळेल तेव्हा येईन आणि सुट्टी संपली की परत येईन, हे आधीच लिहून ठेवतो. डोळ्यांची पट्टी सुटेल त्या दिवशी तुला एक फोटो पाठवीन. त्यात मी काय घातलंय ते तू मला सांग.

तुझाच,
आता एका जागी उभा राहायला शिकणारा, बघ्या

मोटारसायकल घ्यायची म्हणून साठवलेले पैसे सगळे पाठवलेत, डोळ्यांसाठी. तुला नीट दिसावा म्हणून आकडा एकटाच पूर्ण कागदावर लिहितोय. अठ्ठावीस हजार.